शाळेतील मुलांचे आरोग्य : पावणेदोनशे वर्षांची वाटचाल

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा कार्यकारिणीने माझ्याकडे "शाळेतील मुलांचे आरोग्य" हा विषय दिला. पाककृती, विणकाम, प्रवासवर्णन यांना आपल्या मंडळात लेखिकांची वाण नाही. हा विषय मात्र दोन वर्षे नुसताच यादीत राहिला होता. मी डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणत्या दुखण्यावर कोणता काढा, हे सांगणे माझ्या आवाक्यातले नाही. पण इतिहासाची मला पहिल्यापासून आवड. म्हणून आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलाच्या जिवाची काळजी कोणी, केव्हा आणि कशी घेतली, एवढेच या लेखात सांगावयाचे योजले आहे.

मुलाची प्रकृती आईने पाहावी आणि त्याचा अभ्यास मास्तरांनी पाहावा, अशी वाटणी आपल्याकडे फार दिवस चालत आली. ही वाटणी सोयीची खरी, पण मूल काही असे वाटून घेता येत नाही. उपाशी पोटी शाळेत गेलेल्या मुलाच्या डोक्यात गणित शिरत नाही, आणि शाळेत अपमान झालेले मूल रात्री ताटावर बसूनही जेवत नाही. ज्यांनी ज्यांनी हे ओळखले, त्यांच्या हातून काही टिकाऊ काम झाले, असे हा इतिहास चाळताना मला दिसून आले.

प्रारंभ सावित्रीबाईंपासूनच करावयास हवा. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण सर्व जाणतो. शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकीत, म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, ही हकिगतही आपल्या कानांवरून गेलेली आहे. आपण ती त्यांच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यातला दुसरा अर्थ आपल्या ध्यानात येत नाही. मुलीने शिकावयाचे तर शाळेची इमारत आणि पाटी एवढ्याने भागत नाही, घरापासून शाळेपर्यंतची वाट निर्धोक असावी लागते. आज आपल्या वस्तीतली एखादी मुलगी आठवीनंतर घरी बसते, तेव्हा पुष्कळदा कारण तेच असते. शाळा लांब, वाट वाईट, आणि सोबत कोणी नाही.

रोगराईचा इतिहास तर याहूनही जुना. इंग्लंडातील डॉ. जेन्नर यांची देवीची लस मुंबईत आली ती 1802 साली. त्या वर्षी 14 जूनला ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, आणि हिंदुस्थानात यशस्वीपणे टोचली गेलेली हीच पहिली मुलगी. पुढे पावणेदोनशे वर्षे ही मोहीम चालली. माझ्या लहानपणी गावात देवीडॉक्टर आला म्हणजे शाळेत एकच पळापळ होई. थोराड मुले खिडकीतून उड्या टाकीत आणि आम्ही मुली एकमेकींचे हात घट्ट धरून रांगेत उभ्या राहत असू. टोचल्याचे ते वाटोळे वण माझ्या पिढीच्या सर्व बायकांच्या दंडावर अजून आहेत. आमच्या नातवंडांच्या दंडावर ते नाहीत, याचे कारण 1975 च्या मे महिन्यानंतर आपल्या देशात देवीचा रोगी आढळला नाही आणि 1977 साली देश देवीमुक्त म्हणून जाहीर झाला. पोलिओची गोष्टही तशीच. 1995 साली देशभर थेंब पाजण्याची मोहीम सुरू झाली, 13 जानेवारी 2011 रोजी शेवटचा रोगी आढळला आणि 2014 च्या मार्चमध्ये तसा दाखला मिळाला. त्या रविवारी बूथवर बसणाऱ्या आणि दारोदार जाऊन "घरात लहान मूल आहे का हो?" असे विचारणाऱ्या बायकाच होत्या, हे विसरून चालणार नाही.

परंतु लस आणि लोक यांच्यात विश्वास नसेल, तर काय अनर्थ होतो हेही आपल्या पुण्या-मुंबईने पाहिलेले आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, 1897 साली तो पुण्यात शिरला. जानेवारी 1897 मध्ये हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरीही घरझडतीच्या आणि सक्तीच्या भीतीने लोक रोगी लपवून ठेवीत. अशा वेळी सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी पुण्याजवळ माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगतात. त्याच साथीत, 10 मार्च 1897 रोजी, त्यांचा अंत झाला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या बाईने मुलांच्या हाती पाटी दिली, तिनेच अखेर मुलाला पाठीवर घेतले. शिक्षण आणि शुश्रूषा ही दोन कामे त्यांनी वेगळी मानलीच नाहीत.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळते. मुलींच्या प्रकृतीचा शत्रू म्हणजे केवळ रोग नव्हता, लवकर होणारे लग्नही होते. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. वयात आल्यावर नवऱ्याकडे नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला, आणि 1884 पासून चार वर्षे तो खटला गाजला. 1887 साली कोर्टाने हुकूम केला की नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करीन असे कळविले. त्याआधी 1885 साली त्यांनी "एक हिंदू स्त्री" या सहीने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहिली होती. बालविवाहामुळे मुलीचे शिकणे खुंटते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. पुढे त्या इंग्लंडात जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेस व राजकोटास त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांचे दवाखाने सांभाळले.

या वादातून आणि बंगालमधील फुलमणी या अल्पवयीन मुलीच्या मृत्यूमुळे 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला व ते वय दहाचे बारा झाले. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा व मुलाचे अठरा केले. 1978 साली ते अठरा आणि एकवीस झाले. दहावरून अठरावर यावयास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. मुलीच्या पदरी पडलेले शाळेचे प्रत्येक वर्ष असे भांडून मिळविलेले आहे. म्हणूनच, "स्थळ चांगले आले आहे, दहावी काय नंतरही होईल" असे कोणी शेजारीण म्हणू लागली, की आपण गप्प बसू नये असे मला वाटते.

शाळेतील मुलांची रीतसर वैद्यकीय तपासणी आपल्या देशात प्रथम झाली ती बडोद्यास, 1909 साली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड तेव्हा गादीवर होते. 1906 साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. सर्व मुलांना शाळेत आणल्यावर त्यांची प्रकृती पाहण्याचे काम ओघानेच आले. इंग्लंडातही थोड्याच वर्षांपूर्वी असाच प्रकार झाला होता. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होण्यास आलेले पुष्कळ तरुण खुरटलेले व दुबळे निघाले, तेव्हा कोठे तेथील सरकार जागे झाले आणि 1906 साली शाळेत जेवण देण्याचा व 1907 साली मुलांच्या तपासणीचा कायदा झाला. लढाईला माणसे हवीत म्हणून मुलांकडे लक्ष गेले, ही काही फारशी भूषणाची गोष्ट नव्हे. पण लक्ष गेले खरे.

बडोद्याचे उदाहरण मात्र देशभर पसरले नाही. 1946 साली भोर समितीने लिहून ठेवले की शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, आणि जेथे आहे तेथे ती अगदी अपुरी आहे. 1960 साली सरकारने या एकाच प्रश्नासाठी समिती नेमली. श्रीमती रेणुका राय तिच्या अध्यक्ष होत्या, आणि 1961 साली तिचा अहवाल आला. अशा तपासणीत मोठी उणीव कोणती राहते? डॉक्टर येतात, मुलांना जीभ काढावयास सांगतात, कार्डावर "दात किडलेले", "दृष्टी मंद", "रक्त कमी" असे लिहितात आणि जातात. ते कार्ड शाळेच्या कपाटात राहते. घरी आईला त्याचा पत्ता नसतो, आणि पत्ता असला तरी मजुरी बुडवून दवाखान्यात जाणार कोण, हा प्रश्न असतोच. दोष शोधणे सोपे, दुरुस्त करणे अवघड. कारण दुरुस्तीसाठी शाळेला घराची सोबत लागते.

ही सोबत कशी जोडावी, याचा धडा आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावी, दोन बायकांनी घालून दिला. ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करीत होत्या. 1945 साली त्यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ यांचे लग्न लहानपणीच झाले होते आणि काही महिन्यांतच वैधव्य आले होते. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यावरची मुले येईनात. तेव्हा "मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल" असे ठरवून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरविला. अंगणवाडी हा शब्द तेथला.

त्या अंगणात आधी काय झाले असेल? अक्षरओळख नव्हे. मुलांना न्हाऊमाखू घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, नाक पुसणे, हेच पहिले पाठ होते. शिंपले, खडे, बिया, पाने हीच खेळणी. आणि हे सर्व आयांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच दारात चाले. कोणी व्याख्यान न देताही स्वच्छता घरात शिरली ती अशी. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरे, तिला कुरणशाळा म्हणत. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना 33 गटांत सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात हा मराठी शब्द समजतो. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीताईंकडे आपण कधी कधी केवळ खाऊ वाटणारी बाई म्हणून पाहतो. त्यांच्या कामाचे घराणे केवढे थोर आहे, हे कळावे म्हणून इतके सविस्तर लिहिले.

आता भुकेविषयी. मद्रास शहरात 1920 साली महापालिकेच्या शाळेत दुपारचे जेवण सुरू झाले होते. 1956 साली कामराज मुख्यमंत्री असताना ते त्या राज्यभर नेण्यात आले, आणि 1982 साली एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा आणखी विस्तार केला. आमच्या लहानपणी शाळेत परदेशातून आलेल्या पावडरीचे दूध मिळे. त्याचा वास काही मुलांना सोसत नसे, पण पितळी भांडी घासूनपुसून रांगेत उभे राहणारी मुलेही आम्हांत होती, आणि ती का उभी राहतात हे आम्हांला कळत नसे.

देशव्यापी योजना आली ती 15 ऑगस्ट 1995 रोजी. प्रारंभी बहुतेक राज्यांत शिजविलेले अन्न न देता, हजर राहणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी देत. ते धान्य घरच्या डब्यात पडे आणि सगळे घर मिळून खाई. आई तरी काय करणार? एका मुलाचे तांदूळ वेगळे शिजविणारी आई जगात नसेल. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला की शाळेत शिजविलेले जेवणच द्यावे. तेव्हापासून आपल्याकडे खिचडी सुरू झाली. पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम धान्याचे, 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने देणारे जेवण, आणि सहावी ते आठवीस 150 ग्रॅमचे, 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिनांचे, असे प्रमाण ठरले. शिवाय निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसली, हा लाभ उष्मांकांत मोजता येत नाही.

मात्र याच चुलीने दोनदा घातही केला. 16 जुलै 2004 रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकाची आग गवती छपराला लागली आणि 94 मुले गेली. बरोबर नऊ वर्षांनी, 16 जुलै 2013 रोजी, बिहारात सारण जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलात केलेले जेवण खाऊन 23 मुले दगावली. दोन्ही ठिकाणी योजना वाईट नव्हती. चूल कोठे असावी, छप्पर कसले असावे, बाहेर पडावयास वाट किती रुंद आहे, तेलाचे भांडे पूर्वी कशाचे होते, मुलांच्या आधी घास कोणी चाखला, हे पाहणारे कोणी नव्हते. आपल्या स्वयंपाकघरात या गोष्टी आपण न सांगता पाहतो. मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने चव घ्यावी, असा नियम आहे. तो पाळला जातो की नाही, हे पाहावयास मोठी विद्वत्ता लागत नाही.

शरीराबरोबर मनाचाही विचार हवा. छडी लागे छमछम म्हणत आमची पिढी वाढली, आणि मार बसला तर घरी सांगावयाची चोरी, कारण घरी दुसरा बसे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, मुलाला मारण्यास आणि मानसिक छळ करण्यास बंदी केली. दप्तराच्या ओझ्याविषयी 1989 साली राज्यसभेत लेखक आर. के. नारायण यांनी कळकळीने सांगितले, त्यानंतर यशपाल समिती नेमली गेली व 1993 साली तिचा अहवाल आला. आपल्या राज्य शासनाने 2015 साली ठरविले की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड असू नये. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. आपल्या घरच्या काट्यावर एकदा दप्तर ठेवून पाहावे, ही माझी सर्व भगिनींना विनंती आहे.

2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि एका रात्रीत घराचीच शाळा झाली. तेव्हा सर्वांनाच कळून आले की शाळा म्हणजे केवळ धडे नव्हेत. तेथे जेवण असते, मैत्रिणी असतात, घरातल्या भांडणापासून चार तास सुटका असते, आणि मूल कोमेजले तर ओळखणाऱ्या बाई असतात. उलट, शाळेतही सर्व काही सुरक्षितच असते असे नाही. 2024 च्या ऑगस्टात बदलापूरला चिमुकल्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. अशा गुन्ह्यांसाठी 2012 सालचा कडक कायदा आहे. शाळाशाळांतून "सखी सावित्री" समित्या असाव्यात असा शासननिर्णय 10 मार्च 2022 रोजी, म्हणजे सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनीच, निघाला होता. पण कायद्याला मुलाचा आवाज ऐकू येत नाही, तो आईला ऐकू यावा लागतो. "आज पोटात दुखते, मी शाळेत जात नाही" असे मूल वारंवार म्हणू लागले, तर ओवा देण्याआधी जवळ बसवून विचारावे. अडचणीतल्या मुलांसाठी 1098 हा दूरध्वनी आहे, त्याचा प्रारंभ 1996 साली मुंबईतच झाला. मनाच्या आजारासाठी 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे. हे दोन आकडे फडताळाच्या दारावर लिहून ठेवावेत.

शेवटी एक सांगते. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ झाला तो पालघरला, ताराबाई-अनुताईंच्या मुलखात. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, आणि दोष सापडल्यास उपचारही मोफत व्हावेत, अशी ही योजना आहे. कपाटात पडून राहणाऱ्या कार्डावर तिने निदान कागदावर तरी उपाय काढला आहे. तो प्रत्यक्षात उतरावयाचा तर तपासणीच्या दिवशी आई शाळेत हजर पाहिजे, आणि पुढे पाठविलेले मूल दवाखान्यात पोहोचले की नाही हे कोणीतरी पाहिले पाहिजे.

ते "कोणीतरी" आपले मंडळ का होऊ नये? शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे आपल्याला कोणाची परवानगी मागावयाची नाही, खुर्ची आपलीच आहे. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी समितीच्या बैठकीस जावे. ज्या माझ्यासारख्या मोकळ्या झाल्या आहेत त्यांनी, मजुरीवर जाणाऱ्या आईच्या वतीने, तिच्या मुलाला दवाखान्यात घेऊन जावे. पाण्याची टाकी केव्हा धुतली, मुलींच्या संडासाला कडी आहे का, चूल कोठे पेटते, एवढे महिन्यातून एकदा पाहावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या विषयावर दुसऱ्या कोणी भगिनीने लिहावे, आणि त्यात इतिहास थोडा व मंडळाने केलेल्या कामाची हकिगत अधिक असावी, अशी इच्छा व्यक्त करून मी येथे थांबते.